हकालपट्टीचं पत्रक कसं वाचावं

(मोहर्ली इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज आम्ही एका पुस्तकाबद्दल आणि एका पत्रकाबद्दल बोलणार आहोत. पुस्तक म्हणजे कोबाड गांधी यांचं 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'. मूळ इंग्रजी पुस्तक २०२१ मध्ये आलं, मग अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद लोकवाङ्मय गृहानं काढला. पत्रक म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) या बंदी असलेल्या पक्षानं काढलेलं पत्रक, ज्यात गांधींना पक्षातून काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं. पुस्तकाची मराठीत भरपूर चर्चा झाली, पण बहुतेक पुरस्काराच्या वादामुळे. पत्रक मात्र बातमी म्हणून छापलं आणि विसरलं गेलं. आम्हाला वाटतं, ही दोन्ही लिखाणं शेजारी ठेवून वाचायला हवीत. एकट्या पुस्तकात जे दिसत नाही ते पत्रकामुळे दिसतं.

आता हे मोहर्लीत कशाला, असं कोणी विचारेल. इथे लोक वाघ बघायला येतात, पुस्तकाचं परीक्षण ऐकायला कोण येणार? तरी तुम्ही इतके जण आलात. तर कारण सांगतो. चंद्रपूरहून इकडे येताना दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसाखाणी लागतात आणि त्या मागे पडल्या की जंगल सुरू होतं. चंद्रपूरच्या या खाणकामगारांमध्ये मिलिंद तेलतुंबडे यांचं सुरुवातीचं राजकारण घडलं. १३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीत मर्दिनटोल्याच्या जंगलात ते पोलिसांच्या कारवाईत मारले गेले. त्या दिवशी तिथे २६ मृतदेह मिळाले. आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी हे हकालपट्टीचं पत्रक निघालं. हा क्रम लक्षात असू द्या, त्याकडे आम्ही परत येणार आहोत.

आधी थोडा इतिहास. कम्युनिस्ट चळवळीत फूट ही काही अपघाताची गोष्ट नाही. रॉय यांना १९२९ मध्ये कॉमिन्टर्ननं काढलं. आपल्या पक्षात १९६४ मध्ये फूट पडली. १९६७ ला नक्षलबारी झालं आणि १९६९ मध्ये मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडलेल्यांनी तिसरा पक्ष काढला. कॉम्रेड डांगे म्हणजे पक्षाच्या संस्थापकांतले एक, त्यांनाच १९८१ मध्ये पक्षानं काढून टाकलं. आणि आपल्या भागाशी ज्याचा थेट संबंध आला तो पीपल्स वॉर गट १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्यांनी काढला. त्याच वर्षी त्यांच्या तुकड्या नदी ओलांडून सिरोंच्याच्या बाजूला आल्या. पेद्दी शंकर नावाचा तरुण नोव्हेंबर १९८० मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीला बळी पडला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चंद्रपूरच होता, १९८२ मध्ये वेगळा झाला. ज्या सीतारामय्यांनी ही माणसं इकडे पाठवली, त्यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच पक्षानं बाहेर काढलं. २००२ मध्ये ते वारले तेव्हा ते पक्षात नव्हते.

म्हणजे बघा, ज्यानं घर बांधलं त्यालाच उंबऱ्याबाहेर काढायची ही रीत जुनी आहे. पण फूट पडली की सगळं तुटतं असंही नाही, आणि हा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. पक्ष १९६४ मध्ये फुटला, पण आयटक ही कामगार संघटना लगेच फुटली नाही. सीटू निघाली ती १९७० मध्ये. मधली सहा वर्षं एकमेकांना 'सुधारणावादी' आणि 'संधिसाधू' म्हणणारी माणसं एकाच युनियनच्या कार्यालयात बसत होती. त्याच्याही आधीचं उदाहरण लाल निशाणचं. बेचाळीसच्या आसपास लोकयुद्धाच्या भूमिकेवरून दत्ता देशमुख, एस. के. लिमये वगैरे मंडळी पक्षापासून वेगळी झाली आणि त्यांनी नवजीवन संघटना काढली, त्यातून पुढे लाल निशाण उभं राहिलं. पण १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती झाली तेव्हा डांग्यांचा पक्षही त्यात होता आणि लाल निशाणही होतं. एका मंचावर बसायला मतं जुळावी लागली नाहीत. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, एवढं जुळलं की पुरे होतं.

आम्ही आज दोन शब्द वेगळे ठेवणार आहोत. एक निष्ठा, दुसरा सोबत. निष्ठा वरून मागितली जाते, ती पक्षाला, नेत्याला, रेषेला द्यायची असते. सोबत माणूस माणसाला देतो, आणि तिला पक्षाची परवानगी लागत नाही. मराठीत लिहिलेलं कम्युनिस्ट चळवळीचं बरंचसं आत्मचरित्रपर साहित्य या दोन शब्दांत गल्लत करतं. कोबाड गांधींच्या पुस्तकाचं मोल असं की ते ही गल्लत निम्मी सोडवतं. निम्मीच का, ते पुढे बघू.

पुस्तक तीन भागांत आहे असं मानायला हरकत नाही. पहिल्या भागात डून स्कूल, मुंबईचं झेवियर्स, लंडनला सीए करायला गेलेला पारशी मुलगा, तिथे राजकारणाकडे वळणं, परत येणं, मुंबईत नागरी हक्कांचं काम आणि अनुराधा शानबाग यांच्याशी लग्न. मग दोघं नागपूरला आले, दलित वस्तीत राहिले. अनुराधा नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायच्या. दुसरा भाग तुरुंगाचा. २००९ मध्ये अटक, मग तिहार, आंध्र, तेलंगण, झारखंड आणि शेवटी सुरत, मिळून दहा वर्षं. तिसरा भाग चिंतनाचा. समाजवादी देश का कोसळले, चांगली माणसं सत्ता मिळाल्यावर का बिघडतात, आनंद आणि स्वातंत्र्य यांचा क्रांतीशी काय संबंध, असे प्रश्न तिथे आहेत.

आमच्या मते दुसरा भाग सगळ्यात चांगला आहे. मराठीत तुरुंगाची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण बहुतेक सत्याग्रहींची किंवा आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांची. त्यांना आत आपली माणसं भेटत, वर्ग चालत, भजनंही होत. इथे म्हातारा होत चाललेला, आजारी माणूस एकटा आहे आणि भोवती टोळीवाले, खुनी, अतिरेकी कारवायांच्या आरोपाखालचे कैदी आहेत. अफझल गुरूची आणि त्यांची सोबत या भागात आहे. गुरूला ९ फेब्रुवारी २०१३ ला तिहारमध्येच फाशी झाली. राजकारणानं या दोघांचा काहीच संबंध नव्हता. एक निरीश्वरवादी पारशी, एक नमाजी काश्मिरी. तरी या पानांवर जी सोबत दिसते ती पहिल्या भागातल्या सभा-मोर्चांच्या वर्णनात दिसत नाही. हे लेखकाच्या लक्षात आलं होतं की नाही, सांगता येत नाही. आम्हाला वाचताना ते फार जाणवलं.

तिसऱ्या भागाचं सूत्र अनुराधा आहेत. त्यांचा साधेपणा, सरळपणा, अहंकार नसणं, हे गांधी एक नमुना म्हणून मांडतात. म्हणतात, चळवळीत अशी मूल्यं रुजली नाहीत तर क्रांतीनंतरही जुनेच रोग परत येतील. ऐकायला हे भोळं वाटतं आणि बऱ्याच डाव्या समीक्षकांनी ते भोळं म्हणून बाजूलाही सारलं. आम्ही तसं करणार नाही. ज्यानं चाळीस वर्षं या राजकारणात घालवली तो माणूस शेवटी 'आपल्यात अहंकार फार' असं म्हणत असेल तर त्यानं काहीतरी पाहिलेलं असतं.

आता पत्रक. त्यात आरोप असा की गांधींनी मार्क्सवाद-लेनिनवाद-माओवाद सोडला, वर्गसंघर्ष सोडला, अध्यात्माकडे आणि भांडवली विचारांकडे वळले. हकालपट्टीच्या पत्रकांचा एक साचा असतो, कुठल्याही देशातलं घ्या. माणूस आज चुकला असं त्यात सहसा नसतं. तो पहिल्यापासूनच कच्चा होता, आता उघडा पडला, असं असतं. आणि त्याच्या जाण्यानं पक्ष आणखी शुद्ध झाला, असं. समीक्षेत आपण विचारतो तोच प्रश्न इथे विचारावा: हा मजकूर कोणासाठी लिहिलाय? काढून टाकलेल्या माणसासाठी तर नक्कीच नाही, त्याच्याशी बोलणं संपलेलं असतं. हकालपट्टीच्या पत्रकाचा खरा वाचक आत राहिलेला असतो, ज्याच्या मनात शंका आली आहे तो. त्याला सांगायचं असतं की शंका घेतलीस तर तुझ्याबद्दलही असंच लिहिलं जाईल.

या पत्रकाबद्दल आम्हाला तीन गोष्टी खटकतात.

पहिली वेळेची. गांधींचे हे विचार २०२१ मध्ये नवे नव्हतेच. तिहारमध्ये असतानाच त्यांनी 'मेनस्ट्रीम' या इंग्रजी साप्ताहिकात स्वातंत्र्य आणि जनमुक्ती या विषयावर लेखमाला लिहिली होती, २०१२ च्या सुमारास, स्वतःच्या नावानं. आनंद, मूल्यं, स्वातंत्र्य, सगळं त्यात आहे. मग पक्षाला नऊ वर्षांनी कसं कळलं? आमचा अंदाज सांगतो, पटला तर घ्या. कैदेतला माणूस चळवळीला जवळचा असतो. त्याच्या सुटकेसाठी सह्या घेता येतात, सभा घेता येतात, तो काय लिहितो याकडे काणाडोळा करता येतो. तोच माणूस सुटून बाहेर आला, मोठ्या प्रकाशनाकडून पुस्तक आलं, लोक विचारायला लागले, की त्याच्या लेखनाची किंमत करावी लागते. म्हणजे विचार तेच राहिले. बदललं ते माणसाचं ठिकाण.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि ती आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते. आपण या पक्षाचे सदस्य आहोत, हे गांधींनी नेहमी नाकारलं. दिल्लीच्या न्यायालयानं २०१६ मध्ये त्यांना यूएपीएच्या आरोपांतून मोकळं केलं, फसवणूक आणि बनावट ओळख याबद्दल मात्र दोषी धरलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ते सुरतच्या तुरुंगातून जामिनावर सुटले. अशा माणसाला 'आम्ही पक्षातून काढलं' असं जाहीर करणं याचा अर्थ काय होतो? जो सदस्य नव्हता त्याला काढता येत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्यानं सरकारी वकिलाच्या हातात कागद दिला. मतभेद असू शकतात, तीव्र असू शकतात. पण जामिनावर असलेल्या जुन्या सहकाऱ्याबद्दल आपण काय छापतो याचा विचारही ज्या संघटनेला सुचत नाही, तिच्यात निष्ठेचा हिशेब आहे, सोबतीचा नाही.

तिसरी गोष्ट त्या पंधरा दिवसांची. इथे पक्षाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. मर्दिनटोल्यात २६ माणसं गेली होती. जंगलात जे उरले त्यांना काय वाटत असेल? आपली माणसं मरतायत आणि शहरातला एक जुना नेता म्हणवला जाणारा माणूस आनंदावर पुस्तक लिहितोय, मुलाखती देतोय, आणि माझा यांच्याशी संबंध नाही म्हणतोय. राग येणारच. तो राग आम्ही खोटा मानत नाही. पण पत्रकात त्या रागाचा मागमूस नाही. दुःख नाही, मर्दिनटोला नाही, फक्त सिद्धांत आहे. माणसानं रडायच्या वेळी व्याकरण तपासावं तसं ते वाचताना वाटतं.

याच्या उलट एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर कायम असतं, कॉम्रेड आर. बी. मोरे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या आखणीतला हा माणूस, बाबासाहेबांच्या जवळचा, १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला. दोन्हीकडून त्यांच्या निष्ठेवर शंका घ्यायला जागा होती आणि ती घेतलीही गेली. त्यांनी काय केलं? १९५३ मध्ये अस्पृश्यता आणि जातिव्यवस्थेच्या प्रश्नावर पक्षाच्या केंद्रीय समितीला टिपण लिहून पाठवलं. पक्षानं ते गंभीरपणे घेतलं नाही. त्यांनी परत पाठवलं. पुढे पक्ष फुटला, ते मार्क्सवादी पक्षात गेले, तिथेही तोच प्रश्न त्यांनी लावून धरला. हरत राहिले, पण थांबले नाहीत आणि पक्षही सोडला नाही. त्यांचं अपुरं राहिलेलं आत्मकथन आणि मुलानं, सत्येंद्र मोरे यांनी, लिहिलेलं चरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. शरद पाटलांनी १९७८ मध्ये याच प्रश्नावरून मार्क्सवादी पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. ते गेले, मोरे राहिले. आम्हाला दोघंही तितकेच प्रामाणिक वाटतात.

पण मोरे राहू शकले कशामुळे? आमच्या मते याचं उत्तर स्वभावात नाही. मोरे मुंबईत कामगारवस्तीत, उघड्यावर राहत होते. पक्षात हरले तर त्यांना शेजार होता, समाज होता, युनियन होती. पक्षानं बोलणं बंद केलं असतं तरी चाळीतलं कोणी बोलायचं थांबलं नसतं. भूमिगत संघटनेत हे शक्यच नाही. तिथे संघटना हीच घर, हाच शेजार, हेच पोट आणि हीच सुरक्षितता असते. तिथे ठरावावर हरलेला माणूस जाणार कुठे? बाहेर पोलीस, आत संशय. त्याला आपलं मत बाळगून राहता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही. अशा ठिकाणी मतभेद गद्दारीत बदलायला कोणी वाईट माणूस लागत नाही. रचनाच ते करते.

आणि गांधींचं पुस्तक निम्म्यावर थांबतं असं आम्ही म्हणालो, ते नेमकं इथे. रोग अहंकाराचा आहे, औषध अनुराधांसारख्या स्वभावाचं आहे, असं म्हटलं की सगळी जबाबदारी माणसाच्या स्वभावावर येते. स्वभाव कितीही निर्मळ असो, ज्या संघटनेत हरून राहण्याची जागा नाही तिथे तो काय करणार? हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. ज्यांच्या जंगलात हे सगळं झालं तो गोंड, माडिया माणूस या पुस्तकात बोलताना फारसा ऐकू येत नाही. गांधींचं आयुष्य शहरात आणि मग तुरुंगात गेलं, हे मान्य. अनुराधा मात्र बस्तरमध्ये राहिल्या होत्या. मग त्यांच्या आठवणींतून तरी तो आवाज यायला हवा होता.

कारण निष्ठेची सगळ्यात जास्त किंमत त्यानं मोजली, ज्याच्याकडे कुठलंच सदस्यत्व नव्हतं. गडचिरोलीत 'खबरी' हा शब्द ज्याच्या नावापुढे लागला तो सकाळी रस्त्यावर मरून पडलेला सापडायचा, शेजारी कागद ठेवलेला. तोही एक प्रकारे हकालपट्टीचं पत्रकच होता. पुरावा काय, विचारायची सोय नाही. आणि दुसऱ्या बाजूनं दलमला जेवण दिलं म्हणून पोलिसांनी उचलायचं. एकाच गावातला एक पोरगा दलममध्ये आणि दुसरा सी-६० मध्ये, अशी घरं तिकडे आहेत. त्या आईला कुणी विचारावं, की तुझी निष्ठा कोणाकडे?

तुम्हाला हे लांबचं वाटायला नको. ताडोब्याच्या आतली गावं उठली. बोटेझरी, नवेगाव, जामणी. काही ठिकाणी अर्धं गाव आधी उठलं आणि अर्धं मागे राहिलं. ज्यानं पॅकेज घेतलं त्याला मागे राहिलेल्यांनी काय म्हटलं, आणि मागे राहिलेल्यांबद्दल गेलेले काय बोलले, हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. फक्त इथे कोणी कोणाला गोळी घातली नाही. लग्नाला-मयताला माणसं एकमेकांकडे जात राहिली. हा फरक छोटा नाही.

आता पुरस्काराचं. ते आम्ही थोडक्यात घेतो, कारण त्यावर भरपूर लिहून झालंय. ६ डिसेंबर २०२२ ला राज्य शासनानं अनघा लेले यांच्या अनुवादाला पुरस्कार जाहीर केला आणि १२ डिसेंबरला तो रद्द केला, निवड समितीसकट. गंमत अशी की हा पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा. शास्त्रीबुवा मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी. म्हणजे कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयनं ज्याला काढलं त्याच्या साथीदाराच्या नावाचा पुरस्कार, माओवादी पक्षानं ज्याला काढलं त्याच्या पुस्तकाला, आणि तो काढून घेणारं सरकार म्हणतंय की हा माणूस माओवादी! पक्ष म्हणतो हा आमचा नाही, सरकार म्हणतं हा त्यांचाच. पुस्तक उघडून वाचायची तसदी दोघांनीही घेतल्यासारखं वाटत नाही. त्या आठवड्यात शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपले पुरस्कार नाकारले, प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य संस्कृती मंडळाचा राजीनामा दिला. यांच्यापैकी कोणी गांधींच्या राजकारणाची शपथ घेतलेली नव्हती. मघाशी आम्ही सोबत म्हणालो ती ही.

आणि आता पुढची गोष्ट. हकालपट्टीचं पत्रक निघालं ते 'अभय' या नावानं, केंद्रीय समितीचा प्रवक्ता म्हणून. हे नाव मल्लोजुला वेणुगोपाल राव वापरतात असं पोलीस आणि वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं सांगत आली. तेच भूपती, तेच सोनू. मूळ पेद्दपल्लीचे, किशनजींचे धाकटे भाऊ. मे २०२५ मध्ये पक्षाचे सरचिटणीस बसवराजू अबुझमाडमध्ये मारले गेले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये याच 'अभय' नावानं पत्र आलं, की सशस्त्र लढा थांबवू, बोलणी करू. तेलंगण समितीनं लगेच सांगितलं, हे त्यांचं वैयक्तिक मत. थोड्याच दिवसांत पक्षानं त्यांना गद्दार ठरवलं आणि शस्त्रं परत करा म्हणून सुनावलं. ऑक्टोबरच्या मध्यावर ते आणि त्यांच्यासोबतचे ६० जण गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवून बाहेर आले.

म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या नावानं दुसऱ्याला बाहेर काढलं, त्याच नावाच्या माणसाबद्दल आता तसंच पत्रक निघालं. साचा तोच. यात कोणाला आनंद वाटत असेल तर वाटू दे, आम्हाला वाटत नाही. एका ओळीकडे मात्र लक्ष द्या: शस्त्रं परत करा. ती कोणाची, यावर भांडण. पक्ष म्हणणार ती साथीदारांच्या रक्तानं मिळवलेली. जाणारे म्हणणार, ती आम्हीच वाहिली. ज्या चळवळीची सुरुवात तेंदूपानाच्या भावावरून आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्यांच्या मजुरीवरून झाली, तिच्यातलं शेवटचं भांडण बंदुकांच्या मालकीचं व्हावं, याचा विचार तिच्या सहानुभूतीदारांनी करायला हवा. विरोधकांनीही करावा, कारण तेंदूपानाचा आणि बांबूचा प्रश्न काही शरण आलेला नाही.

प्रश्नोत्तरात एका तरुणानं विचारलं, की मग फूट टाळायची कशी, काही वेगळा मार्ग आहे का. आम्ही काही मार्गदर्शक नाही. पण गडचिरोलीतच धानोऱ्याकडे मेंढा (लेखा) गाव आहे, तिथे ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचा जरी विरोध असेल तरी विषय पुढच्या सभेला जातो. याला वेळ लागतो, कंटाळा येतो, आणि पाचशे माणसांच्या गावात जे जमतं ते देशव्यापी पक्षाला जमेल असं आम्ही म्हणत नाही. पण २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं, आणि बांबू विकायचा हक्कही त्यांनी मिळवला. विरोध करणारा तिथे दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरतो.

शेवटी एका ताईंनी विचारलं, की अनुराधाबाई कशानं गेल्या. त्या १२ एप्रिल २००८ ला मुंबईत वारल्या, मेंदूच्या मलेरियानं. त्याआधी झारखंडमध्ये आदिवासी बायकांचा वर्ग घेऊन परतल्या होत्या. भूमिगत असल्यामुळे निदान आणि उपचार वेळेवर झाले नाहीत. चार वर्षांनी त्यांचे लेख आनंद तेलतुंबडे आणि शोमा सेन यांनी संपादित करून पुस्तकरूपात आणले. दोघंही पुढे भीमा-कोरेगाव प्रकरणात तुरुंगात गेले आणि काही वर्षांनी जामिनावर सुटले. ते पुस्तक इंग्रजीत आहे. त्यात जात आणि स्त्री या विषयांवरचे लेख आहेत, ते आम्ही पुढच्या वेळी मराठीत सांगू. आणि मलेरियाचं म्हणाल, तर महाराष्ट्रात २०२२ पर्यंत त्याचे सगळ्यात जास्त रुग्ण गडचिरोलीतच असायचे.